घाट चढणारी गाडी

जुनी गाडी घाटात बंद पडली त्याला तीन आठवडे झाले होते आणि या तीन आठवड्यांत घरात कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. फोरमन सकाळी पेपर आणायला तिच्या शेजारून जायचे, पण मान वळवायचे नाहीत. बसडेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, तरी गल्लीत, नातेवाइकांत, अगदी बायकोच्या तोंडीसुद्धा ते फोरमनच होते. त्यांच्या हातची गाडी रस्त्यात बंद पडणं म्हणजे काय, हे घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

रविवारी जेवणं आटोपल्यावर त्यांच्या सुनेने, घरातल्या डॉक्टरने, आपलं ताट बाजूला सरकवलं, टेबल पुसलं आणि दोन फोटो समोर मांडले.

"मी गाडी बघितलीय," ती म्हणाली. "म्हणजे दोन बघितल्यात. दोन्ही जुन्या, दोन्ही टर्बोवाल्या. एक घ्यायची आहे."

"रोज वापरायला?" बारकीने विचारलं.

बारकी चाळिशीला आली होती, पण शेंडेफळ म्हणून लहानपणी पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करणं हा तिचा व्यवसाय. दर रविवारी ती माहेरी जेवायला यायची, आणि गाडीचा विषय निघाला की वडिलांच्या शेजारची खुर्ची तिची असायची. आजही होती.

"रोज वापरायला," डॉक्टर म्हणाली. "सकाळी खालचं हॉस्पिटल, दुपारी वरचं. कधी दिवसातून दोनदा घाट."

"वहिनी, मी स्पष्ट बोलते. ही पिवळी बघ. आधीच्या मालकाने हिच्या स्प्रिंगा बदलून हिला जमिनीला टेकवलीय. गतिरोधक आला की पोट घासणार. टायर एवढे पातळ की एक खड्डा लागला की रिम वाकली. सीट म्हणजे बादली. तुझी कंबर दोन महिन्यांत बोलायला लागेल. आणि असल्या गाड्या मला कुठे भेटतात माहीत आहे ना? झाडाला मिठी मारलेल्या."

"बघ, ती रोज बघते," आई लगेच म्हणाली. "साधी गाडी घे ना गं. आपल्याला कुठे शर्यत लावायचीय? हळू जावं, सुखरूप यावं."

"आई, हळूच जाते मी. तोच तर प्रश्न आहे." डॉक्टर हसली नाही. "मधल्या चढावर दगडांचे ट्रक असतात. माणूस चालतो त्या वेगाने चढतात. ओलांडायला दोनच सरळ पट्टे आहेत, तेही छोटे. आपली गाडी खाली बरी पळते, पण वर गेलं की तिचा जीव जातो. पाय पूर्ण दाबला तरी ढिम्म. अर्धी ट्रकच्या बाजूला गेलेली असते आणि समोरून काहीतरी येतं."

"वर हवा विरळ होते," मास्तर म्हणाला. फोरमनांचा हा मुलगा शाळेत भूगोल शिकवायचा आणि बायकोच्या बाजूने बोलायची ही त्याची पद्धत होती. "दर हजार मीटरला साधारण दहा-बारा टक्के. साध्या इंजिनाला तेवढा श्वास कमी पडतो. टर्बोचा पंखा हवा दाबून आत भरतो, म्हणून—"

"दादा, वर्गात नाहीयेस तू."

"नाही, पण मुद्दा बरोबर आहे."

"मुद्दा बरोबर असला तरी तुला त्या गाडीत मागे बसायचंय. पहिल्याच वळणावर पिशवी मागशील."

आई हसली. मास्तरही हसला, कारण ते खरं होतं. दोन विरुद्ध दोन झाले होते, आणि आता फक्त एकाचं मत उरलं होतं. बारकीने वडिलांकडे पाहिलं. तिला खात्री होती. डेपोच्या दिवसांत फोरमन म्हणायचे की गाडीचा टर्बो आणि माणसाचा राग, दोन्ही गरम झाले की सांभाळायला अवघड.

फोरमन बोटाने टेबलावर एक रेघ ओढत बसले होते. "टर्बोच लागेल," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, "डॉक्टरना सांग, मी येतो बघायला. एकट्याने घेऊ नका म्हणावं."

डॉक्टर त्यांच्यासमोर दोन हातांवर बसली होती. पण गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर तिने सहज म्हटलं होतं, बाबा, एकदा कान तपासून घेऊ या का. फोरमन ताटावरून उठले ते चार दिवस टेबलावर आलेच नाहीत. त्यानंतर सुनेशी त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते आईमार्फत, आणि अगदी नाइलाज झाला तर "तुम्ही" म्हणून. बारकीला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटायचा. आज मात्र तिला वेगळंच काहीतरी टोचलं. गाडीच्या बाबतीत बाबांनी तिची बाजू सोडली, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"बाबा, तुम्ही म्हणताय टर्बो?"

"मी म्हणतोय." त्यांनी फोटो उचलून डोळ्यांपाशी नेले. "त्या दिवशी किती उशीर झाला होता?"

हा प्रश्न कुणाला होता ते क्षणभर कळलं नाही. मग डॉक्टरने उत्तर दिलं. "चाळीस मिनिटं. क्लच गेला तेव्हा मी निम्म्या घाटात होते. दुधाच्या गाडीने वर पोचवलं. सर्जन हातमोजे घालून उभे होते, पण भूल द्यायला वर दुसरं कुणी नाही."

"आणि ती बाई?"

"बरी आहे. बाळही. रडायला खूप वेळ लावला त्याने."

आईने ताटं उचलायला घेतली. फोरमन फोटो बघत राहिले. बारकीने ठरवलं, शनिवारी आपणही जायचं. एवढ्या शहाण्या माणसांना एकटं सोडून चालणार नव्हतं.

*

पिवळी गाडी जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या आवारात उभी होती, पहिल्या रांगेत, नुकतीच धुतलेली. फोरमनांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. पत्रा कोमट होता. थंड इंजिन जे दोष दाखवतं ते गरम इंजिन लपवतं.

"आधीच चालू केली होती?"

"धुवायला मागे नेली होती साहेब," विक्रेता म्हणाला. त्याने ते दोनदा म्हटलं असावं, कारण दुसऱ्यांदा त्याचे ओठ मोठे हलले. फोरमनांनी मान डोलावली. गेली दोन वर्षं ते माणसांचे ओठ वाचत होते आणि त्यात त्यांचा हात चांगलाच बसला होता. डावा कान थोडा चालायचा. उजव्याने जवळजवळ राजीनामाच दिला होता. हे फक्त त्यांच्या बायकोला माहीत होतं. ती नेहमी डावीकडे बसायची, मोठ्याने बोलायची आणि पाहुण्यांना सांगायची, माझाच आवाज मेला मोठा आहे.

मास्तर कागदपत्रं घेऊन ऑफिसात बसला. बाकीचे फेरीला निघाले. डॉक्टर चालवायला, फोरमन तिच्या शेजारी, मागे बारकी आणि विक्रेता. गाडी आवाराबाहेर पडली आणि फोरमनांच्या पाठीला, मांड्यांना, छातीला ती घरघर जाणवली. मागचा पाईप बदललेला होता आणि त्याचा घुमणारा खालचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला. किती तरी दिवसांनी एखादं इंजिन त्यांना इतकं पूर्ण ऐकू येत होतं. मोकळा रस्ता आल्यावर डॉक्टरने पाय दाबला, गाडीने एक श्वास घेतला आणि पाठीत धक्का देऊन सुटली. फोरमन हसले. त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

परत आल्यावर त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ डाव्या कानामागच्या हाडाला लावली, आणि चारही सिलिंडर एकेक करून ऐकले. ठोका सारखा. धूर नाही. तेल स्वच्छ.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "स्प्रिंगा मूळच्या बसवून घ्या. बाकी गाडी चोख."

विक्रेत्याचा चेहरा उजळला. बारकीने हात बांधले. फोरमन म्हणाले म्हणजे विषय संपला, हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

डॉक्टर मात्र बॉनेटपाशी उभीच होती. ती त्यांच्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते फोरमनांनी आधी एकदा पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, ताटावर.

"बाबा," ती म्हणाली. समोर येऊन, ओठ दिसतील असं उभं राहून. "जोर लावल्यावर जो बारीक आवाज येतो, तो टर्बोचा नेहमीचा असतो का?"

फोरमनांना "शिट्टी तर असतेच" म्हणता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. असं म्हणून त्यांनी दोन वर्षं काढली होती. रेडिओ, दाराची घंटा, फोन, सगळ्याला त्यांच्याकडे एकेक वाक्य तयार होतं. आणि दीड महिन्यापूर्वी बायकोने येऊन सांगितलं होतं की सूनबाई म्हणते क्लच दाबला की चिरचिर आवाज येतो, तेव्हाही त्यांनी गाडीत बसून पॅडल दहादा दाबलं होतं आणि म्हटलं होतं, काही नाही, वर्षभर बघायला नको.

"कसला आवाज?" त्यांनी विचारलं.

बारकीने चमकून वडिलांकडे पाहिलं. "बाबा, मागे आम्हालासुद्धा आला तो. मला वाटलं, तुम्ही ऐकून सोडून दिलात."

"मला नाही आला."

आवारात पलीकडे कुणीतरी पाण्याचा पाईप गुंडाळत होतं. फोरमनांनी पेचकस फडक्यात पुसला, जरा जास्तच वेळ.

"मला बारीक आवाज येत नाहीत," ते म्हणाले. बारकीकडे न बघता, सुनेकडे बघून. "जुन्या गाडीच्या क्लचचं बेअरिंगसुद्धा नाही आलं. ते ओरडत असणार. मी आत बसलो होतो आणि मला नाही आलं."

डॉक्टरने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. "मला येत होतं. रोज येत होतं. मी एकदा आईंकडून निरोप दिला आणि दुसऱ्यांदा बोलले नाही. म्हटलं, उगाच परत ताटावरून उठतील. त्यातला अर्धा उशीर माझा आहे बाबा."

फोरमनांनी कामाचं विचारलं. ते त्यांना जमण्यासारखं होतं.

"कसा आहे तो आवाज? करून दाखव."

"म्हणजे?"

"तोंडाने. खालच्या आवाजात कर, म्हणजे मला येईल. आणि हात दाखव, कधी चढतो, कधी उतरतो."

चारचौघांत, ग्राहकांनी भरलेल्या आवारात, दोन हॉस्पिटलांतली भूलतज्ज्ञ बॉनेटशी उभी राहून घुमायला लागली. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू घसरला की यंत्राचा सूर उतरतो, आणि तिला पडद्याकडे न बघता तो कळायचा. वीस वर्षं तिने हेच ऐकलं होतं. तिने सूर धरला, हात हळूहळू वर नेला, तसा सूर चढला. पाय सोडल्याची खूण केली आणि सूर एकदम न तुटता, लांबत, खाली आला.

फोरमन डावा कान पुढे करून ऐकत होते. "सायरनसारखा? वर जाताना खरखर?"

"वर गेल्यावर. पत्र्यावर नख ओढल्यासारखी."

"शिट्टी नाही ती." त्यांनी विक्रेत्याकडे वळून हात पुढे केला. "सहा नंबरचा बॉक्स पाना असेल ना तुमच्याकडे? हा हवेचा पाईप काढतो. दोन मिनिटं."

विक्रेता म्हणाला, तसं काढायची परवानगी नाही. बारकी दोन पावलं पुढे आली, खिशातून आपलं ओळखपत्र काढलं आणि गोड आवाजात म्हणाली, "मग आत्ता ऐकलेलं सगळं मी रस्त्यावर उभी राहून बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगू का?"

पाना आला. फोरमनांनी पाईप सोडवला, आत बोट घालून पंख्याचा दांडा चिमटीत धरला आणि हलवला. दांडा बाजूला गेला आणि पंख्याचं पातं कडेच्या भिंतीला लागलं. बोट बाहेर आलं ते तेलाने काळं.

"तू बघ," ते सुनेला म्हणाले. तिनेही बोट घातलं.

"अशा दांड्यावर घाट चढली असतीस तर महिन्याभरात पंखा तुटून पडला असता," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मी घेऊन दिली असती तुला ही."

"तू" कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बारकीला कळलं. ती वडिलांच्या जवळ गेली आणि कधी नव्हे ते तिने त्यांचा तेलकट हात धरला.

"बाबा, किती दिवस?"

"दोन वर्षं."

"आणि आईला माहीत आहे."

"तिला कसं माहीत नसेल?"

*

दुसरी गाडी एका बेकरीच्या मागच्या दारी उभी होती. करडी, चार दरवाजांची, लांबून बघितली तर शाळेच्या मुख्याध्यापकाची वाटावी अशी. डॉक्टरला ती फोटोत मुळीच आवडली नव्हती. पिवळीपेक्षा दुप्पट चालली होती आणि एका आरशाला ओरखडा होता.

मालकीण बेकरी चालवायची. सात महिन्यांची गरोदर होती आणि पोट एवढं पुढे आलेलं की दारातून तिरकी बाहेर आली.

"जुळी आहेत," ती म्हणाली. "मागे दोन बाळांच्या खुर्च्या बसतात, पण मग पिठाची पोती कुठे ठेवू? नाहीतर मी ही सोडली नसती. पहाटेच्या फेऱ्या हिच्यावरच केल्यात. तुम्ही फोनवर म्हणालात म्हणून कालपासून चावी लावली नाही."

फोरमनांनी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार होतं. त्यांनी डॉक्टरकडे पाहून भुवई उडवली. त्या भुवईचा अर्थ तिला कळला, आणि तो आपल्याला कळला याचंच तिला बरं वाटलं.

आता कुणी काही ठरवून दिलं नव्हतं, पण कामं आपोआप वाटली गेली. मास्तर सर्व्हिसची वही घेऊन उलट्या टोपलीवर बसला आणि उत्तरपत्रिका तपासावी तशी एकेक पान तपासू लागला. बारकीने बॅगेतून रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र काढलं आणि पत्र्यावर टेकवत टेकवत गाडीभोवती फिरली. फोरमन बॉनेटपाशी उभे राहिले आणि सुनेला म्हणाले, "पहिल्या सुरुवातीला मी धूर बघतो. तू इंजिनातली साखळी ऐक. डबीत खडे हलवल्यासारखं काही आलं तर सांग."

तिने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्याला लागलं.

"काही नाही," ती म्हणाली. "एक टिकटिक आहे. हलकी. आता थांबली."

"किती वेळ होती?"

"चार-पाच ठोके."

"तेल वर चढेपर्यंतची आहे ती. चालतं."

पुढचा डावा दरवाजा आणि त्याच्या शेजारचा पत्रा पुन्हा रंगवलेला आहे, असं बारकीने जाहीर केलं. डॉक्टर उतरून तो दरवाजा बघायला आली. एवढ्यात तिला ही गाडी आवडायला लागली होती.

"फाटक," बेकरीवाली शांतपणे म्हणाली. "माझंच. वाऱ्याने आपटलं. फोनवर सांगायला हवं होतं, राहून गेलं. बिल आहे आत."

बारकी गुडघ्यांवर बसून खालून टॉर्च मारत राहिली. बराच वेळ. उठली तेव्हा तिच्या पँटला पीठ आणि ग्रीस दोन्ही लागलं होतं. "सांगाड्याला काही नाही," ती म्हणाली. "जोड सगळे कारखान्याचे. फाटकच होतं."

"एका वर्षीचा तेलबदल दोन हजार किलोमीटर उशिरा झालाय," मास्तर टोपलीवरून म्हणाला. "बाकी सगळे वेळेच्या आधी."

"त्या वर्षी वडील आजारी होते," बेकरीवाली म्हणाली.

"मग सोडून देऊ," मास्तर म्हणाला आणि वही मिटली.

फेरीला चौघंही बसले. मास्तर स्वतःहून मागे चढला आणि खिडकीची काच खाली केली. शहराबाहेरच्या टेकडीचा चढ लागला. डॉक्टरने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पोटाखालून एक मऊ, न संपणारा जोर आला आणि चढ सपाट झाल्यासारखा मागे पडला. आरडाओरडा नाही, धक्का नाही. जोराच्या वर कुठेतरी एक बारीक, स्वच्छ श्वास होता.

"बोल," फोरमन म्हणाले.

"शिट्टी. एकाच सुरात. पाय सोडला की लगेच जाते. खरखर नाही."

"क्लच?"

तिने पॅडल दाबलं आणि सोडलं. सगळे गप्प झाले. "आवाज नाही. पण वरच पकडतोय. थोडाच शिल्लक आहे असं वाटतं."

"वर्षभर जाईल." मग फोरमन स्वतःवरच हसले. "नको. मी वर्षभर म्हणणार नाही. घेतल्या घेतल्या बदलून टाकू. मी टाकतो. तू ऐकायला उभी राहा."

गतिरोधक आला. चौघांनीही नकळत श्वास धरला. गाडीने तो मांजरासारखा ओलांडला.

"दादा, ठीक?" बारकीने विचारलं.

मास्तरचा चेहरा जरा पांढरा होता, पण त्याने अंगठा वर केला. "एक वळण बाकी आहे. नंतर सांगतो."

बारकी पुढे झुकली आणि दोन्ही सीटांच्या मधून डोकं काढून म्हणाली, "वहिनी, मी अजूनही म्हणते की तुला एवढ्या ताकदीची सवय लागेपर्यंत पहिले दोन आठवडे मी शेजारी बसणार. सुट्टी काढून. टायर मी सांगेन ते घ्यायचे. आणि ओल्या रस्त्यात तिसऱ्या गिअरच्या खाली पाय दाबायचा नाही."

"म्हणजे घ्यायची?"

"मी कुठे नको म्हटलं होतं?" बारकी म्हणाली. "मी पिवळीला नको म्हटलं होतं."

*

करडी गाडी घरी आली, क्लच बदलून झाला, आणि त्यानंतरच्या गुरुवारी आई तिच्यात पहिल्यांदा बसली. तिने ठरवलं होतं की आपण यात बसायचं नाही. पण वरच्या हॉस्पिटलात गुरुवारी कानांचे तज्ज्ञ येतात, सुनेने वेळ घेतली होती, आणि मंगळवारी फोरमन ताटावर बसल्या बसल्या म्हणाले होते, "गुरुवारी आपण तिघं जाऊ." इतक्या सहज, जणू भाजी आणायला निघालेत. आईने तेव्हा काही विचारलं नाही. विचारलं तर त्यांचं मन फिरेल अशी तिला भीती वाटली.

घाटात दगडांचा ट्रक लागला. आईने डोळे मिटले आणि पुढची सीट घट्ट धरली. पाठ सीटला चिकटली आणि गाडी पुन्हा शांत झाली.

"ओलांडला का गं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"केव्हाच. मागे राहिला."

आईने मागे वळून पाहिलं. ट्रक वळणाआड जात होता. समोरचा रस्ता रिकामा होता. तिने हात सोडले आणि रुमालाने तळवे पुसले.

हॉस्पिटलात फोरमनांना काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन आणि हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आई काचेबाहेर उभी राहून पाहत होती. ते वाट बघत होते, कपाळाला आठी घालून, वर्गात प्रश्न न समजलेल्या मुलासारखे. बराच वेळ बटण दाबलंच जात नव्हतं. आईला बघवेना. सूनबाईने तिचा दंड धरला आणि म्हणाली, "खालचे सूर चांगले आहेत, आई. वरचे गेलेत. वरचे परत देता येतात, पूर्ण नाही, पण बरेच."

तज्ज्ञांनी दोन छोटी यंत्रं कानांमागे बसवली, पंधरा दिवस वापरून बघा म्हणाले. फोरमनांनी ती लावली, डोकं डावीकडे उजवीकडे फिरवलं, आणि आपल्याच बुटांचा आवाज ऐकत बाहेरपर्यंत चालत आले. वाटेत एका दाराची बिजागरी करकरली तेव्हा थांबून तिच्याकडे बघत राहिले. गाडीत बसताना पट्ट्याचा खटका लागला तसे दचकले.

उतारावर डॉक्टर सावकाश चालवत होती. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा छोटा चढ आला, तिने जोर दिला, आणि फोरमनांनी हात वर केला. सगळे गप्प राहिले.

"हीच का ती शिट्टी?" त्यांनी विचारलं.

"हीच," डॉक्टर म्हणाली.

"बरी आहे." ते पुढच्या वळणापर्यंत तोंड खिडकीकडे करून बसले.

आईला राहवलं नाही. ती मागून पुढे झुकली आणि नेहमीसारखी म्हणाली, "फोरमन, कसं वाटतंय? त्रास होतोय का? दुखतंय का कानात?"

फोरमनांनी कानाला हात लावला आणि मागे वळले. "अगं, एवढ्या मोठ्याने का ओरडतेस? मी इथे शेजारीच आहे."

आरशात सुनेचे डोळे हसत होते. दोन वर्षं आईने प्रत्येक वाक्य घसा ताणून म्हटलं होतं. जेवायला या, औषध घेतलं का, कोण आलंय बघा. गुपित तर तिने एकही सांगितलं नव्हतं, कारण गुपित ओरडून सांगता येत नाही. आता हळू बोलायचं म्हणजे कसं, हेच तिला आठवेना. तिने घसा साफ केला. ती आणखी पुढे सरकली, डावीकडे नाही, मधोमध, आणि अगदी खालच्या आवाजात, स्वतःलाही नीट ऐकू येणार नाही इतक्या, दोन-चार शब्द बोलली.

फोरमनांच्या मानेवर लाली चढली.

"सूनबाई आहे इथे," ते पुटपुटले.

"मला काही ऐकू आलं नाही," डॉक्टर म्हणाली आणि गिअर बदलला.